स्टोरीवीव्हर आणि कोरकू अंगणवाडी : फुकट मिळणारी चित्रपुस्तकं ३ ते ६ वर्षांच्या मुलांपर्यंत नेताना

माशाचं चित्र समोर धरलं की मेळघाटातलं चार वर्षांचं मूल पटकन म्हणतं, "काकू!" कोरकूत मासा म्हणजे काकू. कोरकू न येणारी सेविका लगेच दुरुस्त करते, "काकू नाही रे, मासा म्हण." मुलाचं उत्तर बरोबर होतं, तरी ते चुकीचं ठरलं. असं चार-पाच वेळा झालं की मूल चित्र बघतं, पण तोंड उघडत नाही. मग कागदावर शेरा पडतो, "मूल बोलत नाही." घरी, अंगणात, सिपना नदीच्या पात्रात तेच मूल दिवसभर बडबडत असतं.

मेळघाटातल्या धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत बहुतेक घरांत कोरकू बोलतात. २०११च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून सात लाखांच्या वर होते. एवढी माणसं असून तीन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन वाचावं असं कोरकू पुस्तक बाजारात मागितलं तर मिळत नाही. म्हणूनच स्टोरीवीव्हर या मुलांच्या चित्रपुस्तकांच्या फुकट ऑनलाइन सेवेची नीट पारख करायला हवी. तिची मदत मोठी आहे, पण ती अंगणवाडीत पोहोचवायची तर मधे बरंच काम आपल्यालाच करावं लागतं.

बंगळुरूची 'प्रथम बुक्स' ही ना-नफा प्रकाशनसंस्था २००४ची. ८ सप्टेंबर २०१५ला, आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी, तिनं स्टोरीवीव्हर खुलं केलं तेव्हा त्यावर २४ भाषांत ८०० गोष्टी होत्या. आता भाषाच तीनशेच्या वर गेल्यात. त्यांत कोरकू, गोंडी, संताली, कुरुख, मुंडा, कुई अशा आदिवासी भाषा आहेत. वाचायला पैसे लागत नाहीत आणि खातंही फुकट उघडतं. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीत २५० शब्दांच्या आतल्या, सोप्या आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांच्या गोष्टी. दुसरीत ६०० शब्दांपर्यंत, तिसरीत १५०० शब्दांपर्यंत आणि चौथीत त्याहून मोठ्या.

अंगणवाडीसाठी पहिली पातळी आणि शब्दांविना असलेली चित्रपुस्तकं एवढंच घ्यावं. दुसऱ्या पातळीची गोष्ट तीन-चार वर्षांच्या पंधरा-वीस मुलांच्या घोळक्यात पुरी होत नाही. सातव्या-आठव्या पानावर मुलं उठायला लागतात. पहिल्या पातळीचंही सगळं सरसकट घेऊ नये. पातळी शब्दांच्या संख्येवर ठरते, चित्रातली वस्तू मुलाच्या ओळखीची आहे की नाही यावर नाही. लिफ्ट, सरकता जिना, फ्रिज यांवर उभी राहिलेली गोष्ट शब्दांनी कितीही सोपी असली तरी मुलाला दोन ओझी एकदम उचलावी लागतात, अनोळखी वस्तूचं आणि अनोळखी शब्दाचं.

निवडीची एक साधी कसोटी आहे. मजकुरावर कागद धरायचा आणि गावातल्या कोरकू बाईला नुसती चित्रं दाखवून गोष्ट सांगायला सांगायची. ती न अडखळता शेवटापर्यंत गेली तर पुस्तक घ्यायचं. पाचव्या पानापर्यंत ती "हे काय असेल?" असंच विचारत राहिली तर सोडून द्यायचं. पाऊस, कोंबडी, बकरी, आजी, भूक, लपाछपी, झाडावर चढणं हे विषय बहुधा टिकतात. सुरुवातीला दहा-बारा पुस्तकं पुष्कळ झाली. लहान मुलाला नव्या गोष्टीपेक्षा तीच गोष्ट सहाव्यांदा हवी असते, आणि भाषा पक्की होते ती त्या सहाव्या वेळेला.

या सेवेचं सर्वांत मोठं बळ तिचा परवाना आहे. गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या 'सीसी बाय ४.०' परवान्याखाली आहेत. म्हणजे पुस्तक उतरवून घ्या, छापा, वाटा, बदला, भाषांतर करा, छपाईचा खर्च काढायला विकासुद्धा. कोणाची वेगळी परवानगी लागत नाही. अट एवढीच की मूळ लेखक, चित्रकार, प्रकाशक आणि परवाना यांचा उल्लेख ठेवायचा आणि तुम्ही बदल केला असेल तर तसं लिहायचं. ही माहिती शेवटच्या पानांवर असते, आणि कागद वाचवायला म्हणून नेमकी तीच पानं वगळली जातात. मग परवान्याची एकुलती एक अट मोडते. ते पान छोटं करून पेटीच्या झाकणावर आतून चिकटवलं तरी चालतं, पण ते असायलाच हवं.

आता मजकुराकडे येऊ. कोणीही नोंदणी करून भाषांतर प्रकाशित करू शकतं, म्हणूनच कोरकूसारख्या भाषेला तिथं जागा मिळाली. त्याच कारणानं दर्जा एकसारखा नसतो. शिवाय 'कोरकू' या एका नावाखाली मेळघाटातलं कोरकू आणि मध्य प्रदेशातल्या बैतूल किंवा खंडवा भागातलं कोरकू एकत्र येतं. काही भागांत कोरकूची मवासी ही बोली बोलतात. मध्य प्रदेशात हिंदी शब्द जास्त मिसळलेले, आपल्याकडे मराठीही मिसळलेली. गोंडीत तर हा फरक फारच मोठा. मध्य प्रदेशातल्या मांडल्याचा मजकूर गडचिरोलीत तसाच वाचला तर मुलं बघत राहतात. म्हणून भाषेचं नाव बघून पीडीएफ थेट छपाईला पाठवू नये. आधी मजकूर गावात मोठ्यानं वाचून दाखवावा आणि खटकलेले शब्द बदलून आपली आवृत्ती करावी. परवाना त्यासाठीच आहे.

स्वतः भाषांतर करायचं तर साधन सोपं आहे. गोष्ट उघडायची, भाषांतराचा पर्याय निवडायचा, भाषा ठरवायची. मूळ मजकूर शेजारी दिसतो आणि पानागणिक आपला मजकूर भरत जायचा. चुका होतात त्या इथं. मराठी वाक्य घेऊन शब्दाला शब्द लावत बसलं की कोरकू शब्दांची मराठी तयार होते. कोरकूची घडण वेगळी आहे. ती मुंडा कुळातली, संताली-मुंडारीची नातेवाईक. तिथं एक, दोन आणि अनेक असे तीन भेद चालतात. काकू म्हणजे एक मासा, दोन असतील तर शब्दाला 'किंग' लागतो, त्याहून जास्त असतील तर 'कू'. चित्रात दोन मासे असताना अनेकवचन लिहिलं तर कोरकू कानाला ते चुकीचंच वाटतं, कारण मूल चित्रात दोनच मोजतं. म्हणून भाषांतर करणाऱ्याच्या समोर मजकुराच्या आधी चित्र हवं.

एका बाबतीत मात्र मराठी फार उपयोगी पडते. 'आपण' आणि 'आम्ही' हा फरक कोरकूतही आहे, आणि तिथं तो आणखी बारीक होतो: आपण दोघं, आम्ही दोघं, आपण सगळे, आम्ही सगळे यांना चार वेगळे शब्द आहेत. हिंदीतल्या 'हम'मधून हा भेद गळून जातो. त्यामुळे तीच गोष्ट हिंदी आणि मराठी दोन्हींत असेल तर मराठीवरून करावी. मोजणीच्या पुस्तकांत आकडेही कोरकूच ठेवावेत. मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई असे ते चालतात, आणि दहाला गेल म्हणतात. उच्चार गावागणिक थोडा फिरतो. आपल्या गावात म्हणतात तो लिहावा. त्याच वेळी 'शुद्ध' कोरकूच्या मागं लागू नये. सायकल, मोबाईल, शाळा हे शब्द घरात जसे बोलतात तसेच राहू द्यावेत. आजोबांनाच आठवेल असा जुना शब्द पुस्तकात बसवला तर मुलाला तो मराठीइतकाच परका.

यातून कामाचा क्रम असा निघतो. आधी कोरकू बोलणाऱ्या दोन-तीन बायकांना चित्रं दाखवून गोष्ट सांगायला लावायची आणि मोबाईलवर आवाज मुद्रित करायचा. मग तो ऐकत देवनागरीत उतरवायचा, एका पानाला एक किंवा दोन वाक्यं. उतरवलेलं दुसऱ्या गावच्या माणसाला वाचायला द्यायचं. लिहिणाऱ्यानं स्वतःच वाचलं तर तो मनातलं वाचतो, कागदावरचं नाही. दुसरा जिथं अडखळेल तिथं लेखन सुधारायचं. कोरकूत काही शब्दांच्या शेवटी व्यंजन घशात अडवून सोडलं जातं; देवनागरीत ते कसं दाखवायचं याची एकच रूढ पद्धत नाही. काहीही ठरवा, पण सगळ्या पुस्तकांत तेच पाळा. आणि सगळ्यात शेवटी मुलांसमोर एकदा कच्चं वाचन. एवढं झाल्यावरच 'प्रकाशित करा' दाबायचं.

टंकलेखनात दोन खड्डे आहेत. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटात केलेला मजकूर साइटवर चिकटवला की तिथं अगम्य चिन्हं उमटतात. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर, संगणकावर सारखीच दिसणारी अक्षरं. दुसरा खड्डा मोबाईलचा. मराठी कळफलक कोरकू शब्द 'सुधारून' जवळचा मराठी शब्द घालतो. पाण्याला कोरकूत डा म्हणतात. तुम्ही डा लिहायला जाता आणि कळफलक भलताच शब्द पुढं करतो. आपोआप दुरुस्ती आधी बंद करा, तरीही शेवटी ओळन् ओळ तपासा.

फोनवरून दाखवावं का? सेवेत गोष्टी ऑफलाइन जपून ठेवायची सोय आहे, आणि मोजक्या भाषांत शब्द उजळत जाणाऱ्या बोलत्या गोष्टीही आहेत. तीन-चार मुलं आणि एक टॅब असेल तर ठीक. पण हाताएवढ्या पडद्याभोवती वीस मुलं बसली की पुढची पाच बघतात, बाकीची ढकलाढकली करतात. शिवाय सेविकेचा फोन पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या सरकारी ॲपच्या नोंदींत अडकलेला असतो. ब्राउझरची साठवण कोणी साफ केली की जपलेल्या गोष्टीही जातात. रेंज असलेल्या ठिकाणी पीडीएफ उतरवून मेमरी कार्डवर ठेवावी आणि मुलांसमोर कागदच धरावा.

कागदाचं काम मनापासून करावं, कारण पुस्तक वापरात राहणार की कपाटात जाणार हे इथं ठरतं. घरच्या प्रिंटरवर काढलेली ए-४ची पानं मागच्या रांगेला दिसत नाहीत. ए-३ आकारात, एका बाजूला, जाड कार्डशीटवर छापून सुटे पत्ते करावेत. २५० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) आसपासची शीट हातात उभी राहते. पातळ कागद मधूनच वाकतो. स्पायरल करू नये. प्लॅस्टिकची स्पायरल मुलांच्या हातात फार टिकत नाही, आणि एकदा तुटली की पानं गहाळ होतात. लॅमिनेशन मॅट घ्यावं. चकचकीत लॅमिनेशन केलं तर दारातून येणारा उजेड त्यावर पडतो आणि बसलेल्या मुलांना चित्राऐवजी पांढरा डाग दिसतो. चारही कडांना तीन-चार मिलिमीटर प्लॅस्टिक कागदाबाहेर सोडायला सांगा. दुकानदार नीटनेटकं दिसावं म्हणून अगदी कडेला कापतो, आणि मेळघाटच्या पावसात ऑगस्टपर्यंत त्या कडेतून ओल शिरून पत्ते फुगतात.

मूळ पानावर चित्र आणि मजकूर एकत्र असतात, त्यामुळे वाचणारीला पत्ता वाकडा धरून किंवा मान तिरकी करून वाचावं लागतं, आणि चित्र मुलांपासून फिरतं. उपाय सोपा आहे. मजकुराची पट्टी कापून नुसतं चित्र पुढं ठेवायचं आणि कोरकू मजकूर मोठ्या अक्षरात पत्त्याच्या पाठीवर चिकटवायचा. इथं हमखास एक चूक होते: चित्राचा मजकूर त्याच चित्राच्या पाठीवर लावला जातो. गठ्ठा हातात उभा धरून बघा. मुलांना पहिला पत्ता दिसतो, वाचणारीला शेवटच्या पत्त्याची पाठ. म्हणून पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पत्त्याच्या पाठीवर लावायचा. वाचून झालं की पहिला पत्ता काढून मागं सरकवायचा. आता तिच्यासमोर पहिल्याची पाठ आली, तिथं दुसऱ्या चित्राचा मजकूर हवा. पुढचे सगळे याच क्रमानं. पाठीवर कोपऱ्यात ठळक आकडे टाका, नाहीतर गठ्ठा एकदा सांडला की गोष्ट परत जुळवताना दुपार जाते.

वाचायचं कोणी? सेविका कोरकू असेल तर प्रश्नच नाही. ती गवळी, मराठी किंवा हिंदी बोलणारी असेल तर बहुतेक वेळा मदतनीस ताई कोरकू असते. तिनंच गोष्ट सांगावी. तिचं शिक्षण कमी असलं तरी अडत नाही. चित्रांचे पत्ते असल्यानं दोन-तीनदा ऐकून ती पाठीवरच्या मजकुराशिवायही सांगते, आणि अनेकदा तो मजकूर वाचणाऱ्यापेक्षा रंगवून सांगते. अडचण वेळेची आहे. गोष्टीची वेळ आणि चूल पेटायची वेळ एकच येते, आणि 'अमृत आहार' या सरकारी योजनेमुळे गरोदर व स्तनदा मातांचं जेवणही तिलाच बघावं लागतं. गोष्ट जेवणानंतर ठेवली तर मुलं खाऊन घरी गेलेली असतात. म्हणून सकाळी मुलं जमताच पहिली पंधरा-वीस मिनिटं गोष्टीची ठेवावीत, चूल त्यानंतर. हे सेविकेनं आणि पर्यवेक्षिकेनं मिळून ठरवल्याशिवाय टिकत नाही.

वाचण्याची रीत अशी. पहिल्या दिवशी नुसती चित्रं: हे कोण, काय करतंय, आता काय होईल? मुलांनी कोरकूत जे म्हटलं ते घ्यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मजकुरासकट गोष्ट. चौथ्या दिवशी मुलं सांगतात, ताई पत्ते सरकवते. मग मातीचे, पानांचे, बियांचे प्राणी करून तीच गोष्ट खेळायची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढं कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच साहित्य वापरलं होतं, दगड, शंख, पानं, बिया. अंगणवाडी ही कल्पनाही त्याच कामातून आलेली. तेंदूच्या बिया आणि मोहाची फुलं असताना मणी विकत आणायची गरज आजही नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे एक वाक्य कोरकूत आणि लगेच तेच मराठीत. वरून ती दोन्ही भाषांची सोय वाटते. प्रत्यक्षात मूल आपल्या भाषेचं वाक्य येईपर्यंत थांबतं आणि दुसरं कानाबाहेर सोडतं. म्हणजे मराठी शिकत नाहीच, गोष्टीची लयही तुटते. एका पानावर दोन्ही भाषा छापल्या की हेच होतं, आणि घाईच्या दिवशी नुसतं मराठीच वाचलं जातं. म्हणून दोन वेगळे गठ्ठे करावेत, चित्रं तीच. तीन-चार वर्षांच्या मुलांशी सगळं कोरकूत. पाच वर्षांच्या पुढं, गोष्ट कोरकूत पक्की झाल्यावर, वेगळ्या वेळी मराठी तोंडी आणावी: आधी बडबडगीतं, बसा-उठा-पाणी प्या असे कृतीचे खेळ, मग त्याच ओळखीच्या चित्रांवर मराठी गोष्ट. गोष्ट माहीत असल्यानं मूल शब्दाचा अर्थ स्वतः लावतं. या टप्प्यावर 'तो मासा', 'ती बकरी', 'ते पिल्लू' यांत चूक झाली तर टोकू नये. कोरकूत सजीव-निर्जीव हा भेद आहे, मराठीची तीन लिंगं नाहीत. ती ऐकून ऐकून बसतात.

पालक विचारणारच, "कोरकू तर घरी येतंच, मग इथं कशाला?" त्यांची काळजी खरी आहे, मराठी आल्याशिवाय पुढं शाळा, दवाखाना, कचेरी काहीच सरत नाही हे त्यांनी भोगलेलं आहे. नव्या शिक्षण धोरणात किंवा शिक्षण हक्क कायद्यात मातृभाषेबद्दल काय लिहिलंय हे सांगून त्यांचं समाधान होत नाही. महिन्यातून एकदा पालकांना बोलावून मुलांना गोष्ट सांगू द्यावी, आधी कोरकूत, मग मोठ्या मुलांना मराठीत. जे मूल पाहुण्यासमोर आईच्या पदरामागं लपायचं ते बारा पत्ते एकामागून एक सरकवत सांगतं तेव्हा आईला वेगळं काही पटवावं लागत नाही.

कोणी घ्यावी ही सेवा? ज्या गावात कोरकू, पावरी, गोंडी बोलणारं एक तरी माणूस रोज अर्धा तास द्यायला तयार आहे आणि छपाईसाठी थोडा निधी आहे, त्यांनी बिनधास्त घ्यावी. चित्रांसाठी आणि परवान्यासाठी तिला पूर्ण गुण. भाषा नीट बघून घेणारं कोणी नसेल तर नुसत्या पीडीएफ छापून गावोगाव वाटू नयेत. मुलाला स्वतःच्या भाषेतलं पुस्तकच चुकीचं ऐकू आलं तर पुढच्या बऱ्या पुस्तकावरचाही विश्वास जातो. दुरुस्त केलेली आवृत्ती स्टोरीवीव्हरवर परत चढवायला विसरू नका, आणि वर्णनात तालुका किंवा भाग जरूर लिहा. बैतूलच्या ताईला आणि मेळघाटातल्या हरिसालच्या ताईला आपापलं कोरकू त्यावरूनच सापडेल.